युनियन उभी करायची तर: पहिल्या सात सह्यांपासून पहिल्या करारापर्यंत

आमच्या युनियनच्या वर्गणीची पहिली पावती लिहिताना मी कार्बन पेपर उलटा लावला होता. पहिली शिफ्ट सुटून तीन तास झाले होते. औद्योगिक वसाहतीमागच्या चाळीत, एका सहकाऱ्याच्या खोलीत आम्ही नऊजण दाटीवाटीने बसलो होतो. लाईट गेलेले, म्हणून मोबाइलच्या उजेडात लिहिणं चाललं होतं. सगळी अक्षरं पावतीच्याच पाठीवर उमटली आणि स्थळप्रत कोरी राहिली. कुणीतरी म्हणालं, फाडून टाक, दुसरी लिही. आधीच्या नोकरीत युनियन पाहिलेले आमच्यातले एक काका म्हणाले, "फाडायची नाही. दोन्हींवर 'रद्द' लिही, खाली सही कर आणि पुस्तकातच राहू दे." तीन वर्षांनी मान्यतेच्या, म्हणजे मालकाशी बोलणी करण्याच्या हक्काच्या, अर्जाची तपासणी झाली, तेव्हा मॅनेजमेंटच्या वकिलांचा पहिला प्रश्न होता, पावती क्रमांक एक कुठे आहे? पुस्तक उघडलं. पावती तिथेच होती.

पुढे अकरा वर्षं मी खजिनदार होतो. त्या काळात एक गोष्ट पक्की कळली. कामगाराच्या बाजूने कायदे पुष्कळ आहेत, पण ते आपल्या पायाने कारखान्यात येत नाहीत. त्यांना आत आणायला नोंदलेली, वर्गणी गोळा करणारी आणि हिशेब दाखवू शकणारी संघटना लागते. चाळीस-पन्नास ते तीन-चारशे कामगारांच्या कारखान्यात जे आज युनियनचा विचार करताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आमची सुरुवात एका अपघातातून झाली. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून घडवणाऱ्या यंत्रांच्या खात्यात, ठेकेदाराकडचा एक मुलगा होता, विशीतला. उत्पादनाचा आकडा पूर्ण व्हावा म्हणून प्रेसचा सुरक्षेचा सेन्सर बायपास केलेला होता. रात्रपाळीत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्याला ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) दवाखान्यात न नेता जवळच्या खाजगी डॉक्टरकडे नेलं, अपघाताचा अहवाल भरलाच नाही, हातात थोडे पैसे ठेवले आणि घरी पडलो म्हणून सांग, असं बजावलं. बँडेज सुटल्यावर तो तीनदा एचआरकडे गेला. दरवेळी एकच उत्तर मिळालं, तू ठेकेदाराचा माणूस, ठेकेदाराला विचार. चौथ्यांदा त्याचा गेटपास बंद झाला. आम्ही ते सगळं पाहत होतो. त्याच्या वतीने विचारायला आम्ही कोण, याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

संघटना स्थापन करणं हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(ग) नुसार नागरिकांचा मूलभूत हक्क आहे. पर्मनंट असो की ठेकेदारी कामगार, युनियनचा सभासद कुणीही होऊ शकतो. आणि ठेकेदाराने पगार दिला नाही, तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. त्या मुलाला हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही ठाऊक नव्हतं.

पायरी पहिली: आधी कागद

माणसं जमवण्याआधी कागद जमवा. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) टाकून काढलेलं पीएफचं पासबुक, ईएसआयचा नंबर. ठेकेदार स्लिप देत नसेल तर बँकेच्या पासबुकातल्या नोंदी चालतात. पीएफ कापला पण भरला नाही, हे पासबुकात पाच मिनिटांत दिसतं. महिन्याच्या पगाराच्या ओळीसमोर भरणा दिसत नसेल, तर त्या पानाची प्रत काढून ठेवा.

ओव्हरटाइमसाठी प्रत्येकाने स्वतःची छोटी डायरी ठेवावी. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, बस्स. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण हिशेब कुणी मांडत नाही. महिन्याचा पगार १५,६०० रुपये धरला, तर २६ दिवसांनी भागून दिवसाचे ६०० आणि आठ तासांनी भागून तासाचे ७५ होतात. दुप्पट म्हणजे १५०. महिन्याला २५ तास ओव्हरटाइम करणाऱ्याला एकेरी दराने पैसे मिळत असतील, तर त्याचे महिन्याला १,८७५ रुपये बुडतात. हा हिशेब मी जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर खडूने मांडून दाखवायचो. भाषणाने जे जवळ आले नाहीत, ते या आकड्याने आले.

याच वेळी दोन रकाने करा. कायद्याने मिळायलाच हवं ते एकीकडे: किमान वेतन, दुप्पट ओव्हरटाइम, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत पगार, पीएफ, ईएसआय, ८.३३ टक्के किमान बोनस, ग्रॅच्युइटी. वाटाघाटीने मिळवायचं ते दुसरीकडे: पगारवाढ, कँटीन, बससेवा, जादा रजा, कुटुंबाचा मेडिक्लेम. पहिल्या रकान्यातलं मागताना सौदा करायचा नसतो. पुढे टेबलावर बसल्यावर मॅनेजमेंट पहिल्या रकान्यातली गोष्ट दुसऱ्याच्या बदल्यात देऊ करते. पीएफ नियमित भरतो, मग पगारवाढ थोडी कमी घ्या, असं सांगितलं जातं. रकाने वेगळे ठेवले असले की ही अदलाबदल लगेच ओळखता येते.

पायरी दुसरी: सातजण कोण

नोंदणीच्या अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या लागतात. मोठ्याने बोलणारे सात नको. ज्यांच्याकडे बाकीचे अडचणीला जातात ते सात हवेत. उचल कुणाकडे मागतात, रजेचा अर्ज कुणाकडून लिहून घेतात, भांडण झालं की कोण मध्ये पडतो, हे महिनाभर पाहा. प्रत्येक शिफ्टमधला आणि प्रत्येक खात्यातला माणूस असावा. पॅकिंग किंवा असेंब्लीला बायका असतील तर पहिल्या सातांत किमान दोघी हव्यात. बाईला नंतर 'महिला प्रतिनिधी' म्हणून घेतलं की तिच्या वाट्याला फक्त हळदीकुंकू आणि सत्कार येतात. आमच्या मागणीपत्रातला बायकांच्या स्वच्छतागृहाचा मुद्दा पुरुषांच्या डोक्यात आलाच नव्हता. तिथे ८० बायकांना दोन संडास होते, त्यातलं एक कायम कुलूपबंद.

बैठका कारखान्याबाहेर, ड्यूटीच्या वेळेबाहेर घ्या. कामाच्या वेळेत मशीन सोडून चर्चा केली की पहिली नोटीस त्यावरच येते. कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चकार शब्द नको. सभासदांची यादी मोबाइलवर फिरवू नका. ती एकाच वहीत, एकाच घरात राहू द्या. आमच्या यादीचा फोटो एका भल्या माणसाने उत्साहाने चुलतभावाला पाठवला. आठवड्याभरात यादीतल्या चौघांची रात्रपाळी लागली.

पायरी तिसरी: सभा, घटना, नोंदणी

नोंदणीसाठी पूर्वी १९२६चा कामगार संघटना कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि तो कायदा तिच्यात सामावला गेला. मूळ अट तीच आहे: अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या, आणि त्या आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा लहान असेल तेवढे सभासद. २४० कामगार असतील तर २४. तुम्ही मात्र २४वर थांबू नका. अर्ज गेल्यानंतर माणसांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं जातं आणि राजीनाम्याच्या छापील चिठ्ठ्यांवर सह्या घेतल्या जातात. शंभरेक सभासद झाल्यावर अर्ज करा, म्हणजे दहा गळाले तरी पाय हलत नाही.

आधी सर्वसाधारण सभा घ्या. तिच्या इतिवृत्तात तारीख, वेळ, ठिकाण, हजर असलेल्यांची नावं आणि सह्या, आणि तीन ठराव लिहा: युनियन स्थापन करणं, घटना मंजूर करणं, पदाधिकारी निवडणं. घटनेत युनियनचं नाव, उद्देश, निधी कशासाठी वापरायचा, वर्गणी किती, सभासद कुणाला होता येईल, पदाधिकारी कसे निवडायचे आणि कसे काढायचे, हिशेब तपासणी कशी होईल, युनियन विसर्जित कशी होईल, हे सगळं असावं लागतं. दुसऱ्या युनियनची घटना आणून नाव बदललं तरी चालतं, पण प्रत्येक कलम सभेत मोठ्याने वाचा. आमच्याकडे 'काढायचे कसे' हे कलम वाचलंच नव्हतं. चौथ्या वर्षी एका पदाधिकाऱ्याने उचलीचे पैसे थकवले, तेव्हा ते कलम शोधत बसलो.

बाहेरचा माणूस, म्हणजे वकील किंवा अनुभवी कार्यकर्ता, पदाधिकारी होऊ शकतो. संघटित उद्योगात अशांची संख्या एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी जी कमी असेल तेवढीच. आयटक, इंटक, सिटू, हिंद मजदूर सभा, भारतीय मजदूर संघ या देशपातळीवरच्या कामगार महासंघांपैकी कुणाशी संलग्न व्हायचं की स्वतंत्र राहायचं, हा निर्णय सभेत घ्या. मी स्वतः संलग्नतेच्या बाजूचा आहे. चारशे माणसांच्या युनियनला रात्री दहा वाजता फोन उचलणारा वकील एकट्याने परवडत नाही.

नोंदणी कशाला, आपण एकत्र आहोत ना, असं बरेचजण विचारतात. त्याचं उत्तर मद्रासमध्ये मिळालं होतं. बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या कामगारांनी १९१८मध्ये मद्रास लेबर युनियन काढली. बी. पी. वाडिया तिचे अध्यक्ष होते. १९२०मध्ये कंपनी न्यायालयात गेली, कामगारांना चिथावून आमचं नुकसान केलं असा दावा केला आणि वाडियांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. कामगारांना एकत्र करणं हाच गुन्हा ठरत होता. आपल्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२१मध्ये केंद्रीय विधिमंडळात संघटनांना कायद्याचं संरक्षण देण्याचा ठराव मांडला, आणि त्यातून पाच वर्षांनी १९२६चा कायदा आला. नोंदलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर कायदेशीर उद्देशासाठी केलेल्या ठरावावरून कटाचा गुन्हा लागत नाही, संपामुळे करार मोडला म्हणून नुकसानभरपाईचा दावाही चालत नाही. हे कवच नव्या संहितेतही आहे. मारहाण, तोडफोड यांना ते लागू नाही, हे तरुण पोरांना पहिल्याच सभेत सांगून ठेवा.

अर्जाचा नमुना कोणता आणि तो कुठे भरायचा, हे अर्ज करायच्या आठवड्यात कामगार उपायुक्त कार्यालयात जाऊन विचारा. संहितेबरोबर नमुने बदलत आहेत. जुन्या युनियनकडचा फॉर्म झेरॉक्स करून भरू नका. पोच घेतल्याशिवाय कागद टेबलावर ठेवून येऊ नका.

पायरी चौथी: वर्गणी आणि पावती

सगळ्यात जास्त युनियन्स इथे मोडलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून इथे थोडा थांबतो.

वर्गणी दर महिन्याला, पगार झाल्यापासून तीन दिवसांत गोळा करा. वर्षाची एकदम घेऊ नका. महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्याचं नाव लांबलचक आहे, कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत. बोलताना सगळे त्याला एमआरटीयू म्हणतात. त्याखाली मान्यता मागणाऱ्या युनियनला अर्जाच्या आधीचे सलग सहा महिने ३० टक्के कामगार आपले सभासद होते, हे सिद्ध करावं लागतं. सलग सहा महिने. मार्चमध्ये दोनशे आणि मेमध्ये चाळीस पावत्या असतील, तर मेच तुमचा अर्ज पाडतो. सण असो, बोनसचा महिना असो, कारखाना आठ दिवस बंद असो, वर्गणी चुकवू नका.

पावती पुस्तकं छापून घ्या. प्रत्येक पावतीवर युनियनचं नाव आणि नोंदणी क्रमांक, छापील अनुक्रमांक, आणि खाली सभासदाचं नाव, टोकन नंबर, खातं, महिना, रक्कम, घेणाऱ्याची सही. टोकन नंबर विसरू नका. एका कारखान्यात एकाच नावाचे तीन पाटील असतात आणि तपासणीत तिघांचा एक होतो. किती पुस्तकं छापली, कोणतं पुस्तक कुणाला दिलं, कधी परत आलं, याची वेगळी नोंदवही ठेवा. रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊ द्या. आमच्याकडे २० रुपये वर्गणी होती. नोटा कमी, नाणी जास्त. बँकेतली मुलगी ती मोजायला वैतागायची. तरी पगाराच्या चौथ्या दिवशी मी पिशवी घेऊन खिडकीशी उभा असायचो, कारण पासबुकातली ती तारीख आणि पावत्यांची बेरीज जुळली की कुणाच्या तोंडातून 'पैसे खाल्ले' हा शब्द निघत नाही. युनियन फोडायला बाहेरच्यांना तो एक शब्द पुरतो.

कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांत किमान एकदा झाली पाहिजे, आणि सगळे ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहिले गेले पाहिजेत. हे १९७१च्या कायद्यातही आहे. सुटी पानं नकोत, शिवलेली आणि पानांवर क्रमांक टाकलेली वही घ्या. गेटवर हिशेबाचा कागद लावा, आलेले इतके, गेलेले इतके, शिल्लक इतकी. मॅनेजमेंट तो वाचेल, वाचू दे.

पायरी पाचवी: दबाव येतो तेव्हा

तो येतोच. केबिनमध्ये बोलावून गोड बोलणं, मग बदली, मग नोटीस. सभासद होऊ नये म्हणून धमकावणं, कारखाना बंद करू असं भय घालणं, युनियन उभी राहताना मोजक्या लोकांना पगारवाढ देऊन फोडणं, मालकाच्या पैशाने दुसरी युनियन काढणं, युनियनमध्ये काम करतो म्हणून दूर बदली करणं, माणसाला वर्षानुवर्षं बदली कामगार (दुसऱ्याच्या जागेवर तात्पुरता) किंवा हंगामी ठेवून पर्मनंट होऊ न देणं, या सगळ्याला कायद्यात अनुचित कामगार प्रथा म्हणतात. १९७१च्या कायद्याखाली अशी तक्रार घटना घडल्यापासून ९० दिवसांत करावी लागते, आणि न्यायालय अंतरिम आदेशही देऊ शकतं. पाहू, करू, दिवाळीनंतर बघू, यात ९० दिवस कसे जातात ते कळत नाही. बदलीचं पत्र मिळाल्याच्या दिवशीच कॅलेंडरवर ९०वा दिवस गोल करून ठेवा.

शोकॉज (कारणे दाखवा नोटीस) किंवा चार्जशीट (आरोपपत्र) आली तर घ्या. नाकारली की 'स्वीकारण्यास नकार' असा शेरा पडतो आणि गेटवर चिकटवतात. घेतल्याची तारीख टाकून सही करा, युनियनमध्ये आणा, मुदतीत लेखी उत्तर द्या. उत्तरात चिडून एकही वाक्य लिहू नका. खात्यांतर्गत चौकशीत सहकारी प्रतिनिधी मागा. मान्यता नसलेल्या युनियनलाही आपल्या सभासदाच्या बाजूने चौकशीत उभं राहता येतं. चौकशीच्या प्रत्येक पानावर सही करण्याआधी वाचा, आणि जे बोललात ते लिहिलं नसेल तर तसं सहीशेजारीच लिहा. निलंबन झालं तर पहिले ९० दिवस अर्धा आणि पुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो. अर्ध्या पगारात घर चालत नाही, हे युनियनने ध्यानात ठेवावं. आमच्या पहिल्या निलंबित सहकाऱ्याच्या घरी दर महिन्याच्या दहा तारखेला किराणा जायचा. त्याची पावतीही फाईलला आहे.

वाद चालू असताना पदाधिकाऱ्यांना कामावरून काढता येऊ नये म्हणून 'संरक्षित कामगार' अशी तरतूद आहे. एकूण कामगारांच्या एक टक्का, पण किमान पाच आणि कमाल १००. ही नावं युनियनने मालकाला लेखी कळवावी लागतात. न कळवता संरक्षण मिळत नाही, आणि हे पत्र द्यायला विसरलेल्या युनियन्स मी कमी पाहिलेल्या नाहीत.

पायरी सहावी: मान्यता

नोंदणी म्हणजे तुम्ही युनियन आहात. मान्यता म्हणजे मालकाने तुमच्याशी बोललंच पाहिजे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३मध्ये मालकांवर मान्यता सक्तीची करणारं विधेयक पुढे आलं. तशी दुरुस्ती १९४७मध्ये मंजूरही झाली, पण ती कधी अमलात आणली गेली नाही. महाराष्ट्राने १९७१चा कायदा केला तेव्हा ५० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत औद्योगिक न्यायालयातून मान्यता मिळवण्याची वाट झाली. नव्या संहितेत 'वाटाघाटी करणारी युनियन' आहे. एकाहून अधिक युनियन असतील, तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेलीला तो मान. कुणालाच तेवढा नसेल, तर २० टक्के आणि त्यावर पाठिंबा असलेल्या युनियन्सची परिषद बनते.

म्हणून एकाच गेटवर तीन झेंडे लावू नका. वैयक्तिक भांडणापायी फुटलेल्या दोन युनियन्स आमच्या शेजारच्या कारखान्यात आहेत. दोघींकडेही चाळीसच्या आसपास टक्के आहेत आणि करार पाच वर्षं अडला आहे.

२० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असावी लागते, मालक आणि कामगार यांचे समान प्रतिनिधी घेऊन. युनियन अजून लहान असेल तर या समितीतूनच सुरुवात करा. पिण्याचं पाणी, हातमोजे, सेन्सर बंद असलेलं मशीन, असे प्रश्न तिथे लेखी मांडा.

पायरी सातवी: मागणीपत्र आणि करार

नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा घेतली आणि सुमारे ५,५०० सह्यांचं निवेदन केलं. मागण्या मोजक्या होत्या. आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. रविवारची सुट्टी १८९०च्या जूनमध्ये मिळाली. सहा वर्षं लागली. ती शेवटची मागणी वाचली की मला आमच्या प्रेस शॉपमधला मुलगा आठवतो.

मागणीपत्र तसंच असावं. मोजकं, आकड्यांत, आणि कोणाही कामगाराला पाठ म्हणता येईल असं. 'भरीव पगारवाढ' लिहू नका. रक्कम लिहा, तीन वर्षांत कशी विभागायची ते लिहा, मूळ पगारात किती आणि भत्त्यात किती ते लिहा. मूळ पगारात वाढ झाली तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी वाढते. भत्त्यात ढकललेली वाढ निवृत्तीच्या दिवशी दिसत नाही. शेजारच्या तीन कारखान्यांचे करार मिळवून तक्ता करा. ठेकेदारी कामगारांसाठी किमान दोन मागण्या असू द्या. त्यांच्याशिवाय केलेला करार पुढच्या वेळी तुमच्याच विरोधात उभा राहतो, कारण मॅनेजमेंट तुमची जागा त्यांनीच भरते.

टेबलावर एकट्याने जाऊ नका. किमान पाच, त्यातला एक फक्त लिहिणारा. कोण काय बोललं, किती वाजता उठलो, पुढची तारीख काय, सगळं लिहायचं. प्रत्येक बैठकीनंतर त्याच दिवशी गेट मीटिंग घ्या, पाच मिनिटांची का होईना. जे आत ठरलं ते सभासदांना तुमच्या तोंडून आधी कळलं पाहिजे.

बोलणी अडली तर कामगार उपायुक्तांकडे समेटासाठी, म्हणजे सरकारी मध्यस्थीसाठी, जा. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सगळ्या कामगारांवर बंधनकारक असतो, सभासद असो वा नसो, आणि पुढे नव्याने लागणाऱ्यांवरही. आपापसात सही केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांपुरता. आमच्या पहिल्या करारावर दुपारी सव्वाचारला सह्या झाल्या. त्याआधी शेवटचा तास एका ओळीवर गेला: 'अपघात झाल्यास त्याच शिफ्टमध्ये अहवाल भरून प्रत युनियनला देण्यात येईल.' मॅनेजमेंटला 'शक्यतो' हा शब्द हवा होता. आम्ही तो घालू दिला नाही.

संपाबद्दल

संप हा कामगाराचा हक्काचा मार्ग आहे आणि मी कधीही कुणाला तो सोडून द्या म्हणणार नाही. पण त्याची तयारी लागते. नव्या संहितेनुसार कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपाची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस दिल्यावर १४ दिवस संप करता येत नाही, आणि तीच नोटीस ६० दिवसांपलीकडे चालत नाही. समेट चालू असताना आणि तो संपल्यावर सात दिवस संप बेकायदेशीर ठरतो. ५० टक्के किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. पूर्वी सर्रास वापरली जाणारी ही युक्ती आता अंगाशी येते. बेकायदेशीर संपाबद्दल कामगाराला दंड आणि महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. १९७१च्या कायद्याखाली तर अशा संपाला साथ दिल्यापासून सहा महिने मान्यताही मिळत नाही.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांमध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगार-बोनसाइतकाच तिथे मान्यतेचा प्रश्न होता: कामगार एका युनियनच्या मागे, आणि कायद्याने बोलण्याचा हक्क दुसऱ्या युनियनकडे. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, आणि हजारो कुटुंबं गावाकडे परतली. त्या कामगारांच्या निष्ठेबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. आपण मात्र नोटीस देण्याआधी तीन आकडे वहीत लिहावेत: गुप्त मतदानात किती मतं पडली, निधीत किती रुपये आहेत, आणि ते सगळ्यात गरीब सभासदाचं घर किती आठवडे चालवतील. तिसरा आकडा सहापेक्षा कमी असेल तर मी नोटिशीवर सही केली नसती.

करार झाल्यावर

काम इथून पुढे वाढतं. दर महिन्याला कराराची कलमं घेऊन पगाराच्या पाच-सहा स्लिपा तपासा. वाढ कागदावर असते आणि स्लिपमध्ये नसते, असं होतं. वर्षाचा हिशेब तपासून घ्या आणि वार्षिक विवरणपत्र वेळेत कामगार संघटनांच्या निबंधकांकडे भरा. ते न भरल्याने नोंदणी रद्द झालेल्या युनियन्स आहेत, आणि नोंदणी गेली की वर सांगितलेलं सगळं संरक्षण जातं. पदाधिकारी बदलले की तेही कळवा. घटनेप्रमाणे निवडणूक घ्या, कुणी उभं राहायला तयार नसलं तरी.

नव्या खजिनदाराला कार्यभार देताना मी तीन तास घेतले. पत्र्याची पेटी उघडली, पावती पुस्तकं क्रमाने लावली, इतिवृत्ताच्या चार वह्या, बँकेची पासबुकं, करारांच्या मूळ प्रती. प्रत्येक वस्तू यादीत लिहून दोघांनी सह्या केल्या. पुस्तक क्रमांक एक त्याने उघडलं आणि विचारलं, "ही पहिली रद्द का आहे?" मी त्याला कार्बन कसा लावायचा ते दाखवलं.